कळफलकावरील बाळबोध : प्राथमिक शाळेतील संगणक-शिक्षणाचा एक विचार

मराठीत देवनागरी लिपीला 'बाळबोध' हे नाव फार जुने आहे. मोडीच्या जलद, जोडून काढलेल्या वळणाच्या तुलनेने जी लिपी बालकासही उलगडते ती बाळबोध, असा त्याचा सरळ अर्थ. हे बाळबोध अक्षर कसे लिहावे याचे मराठीतील एक अत्यंत नेटके विवेचन 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात आले आहे. अक्षराचा घाट, ओळींतील अंतर, पानाभोवती सोडावयाची जागा, बोरू, शाई, कागद, या सर्वांची तेथे दखल आहे. इतकेच नव्हे, तर तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी कामाचे नाही, असा व्यवहारी इशाराही आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला आणि ते जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. परमार्थपर ग्रंथात बोरूची निगा सांगणाऱ्या या ग्रंथकाराने लेखन आणि लेखनसाधन यांची फारकत केली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच जिल्ह्यातील सहा-सात वर्षांच्या मुलापुढे आज एक नवे लेखनसाधन येऊन ठेपले असता नेमकी ही फारकत होताना दिसते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याचे आज आठ तालुके आहेत. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरची बोली एक, पाटीवरची लिपी दुसरी आणि सरकारदरबारची तिसरी, ही अवस्था या भागातील दोन-तीन पिढ्यांनी अनुभवली आहे. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि शाळेची लिपी व घरची भाषा यांचे एकदाचे जुळले. संगणकाच्या शिक्षणाचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे तो केवळ यंत्रसामग्रीचा प्रश्न राहत नाही.

शालेय संगणक-शिक्षणाच्या सरकारी योजनांचा रोख प्रथमपासून माध्यमिक शाळांकडे होता. १९८४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेला 'क्लास' हा प्रकल्प, ज्यात बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रे वापरली गेली, तो माध्यमिक शाळांपुरता होता. २००४ ची 'आयसीटी अॅट स्कूल' ही योजनाही माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठीच होती. प्राथमिक शाळेकडे यंत्र आले ते उशिरा आणि बव्हंशी लोकवर्गणीच्या वाटेने. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण राज्यभर गाजले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या निर्णयानंतर 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगावच्या फलकांवर चढला. या चळवळीमागील शिक्षकांची तळमळ निःसंशय खरी होती. तथापि 'डिजिटल' झालेल्या वर्गात प्रत्यक्ष आले ते प्रायः एक मोठा पडदा किंवा दूरचित्रवाणीसंच; म्हणजे पाहण्याचे साधन. मूल त्यासमोर बसते, गाणे ऐकते, चित्र पाहते. त्याच्या हाताला काम नसते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे भ्रमणध्वनीवर येऊ लागले, तेव्हा या पाहण्यात बोट सरकवण्याची भर पडली. आजच्या बालकाचा पहिला संगणक हा बापाचा फोन असतो, आणि त्यावर तो सारे काही करतो. एक लिहीत मात्र नाही.

जेथे यंत्र आहे व संगणकाचा तासही आहे, तेथे तरी काय शिकवले जाते? सामान्यतः पहिला पाठ 'संगणकाचे भाग' हा असतो. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सीपीयू ही चार नावे मुले तालावर म्हणतात आणि वहीत चौकोनी चित्र काढून त्याला बाण जोडतात. नामावळीने आरंभ करण्याची ही रीत आपल्या शिक्षणपरंपरेत नवी नाही. परंतु शरीराचे भाग शिकणाऱ्या मुलाला निदान शरीर असते; येथे पुष्कळदा वस्तूच्या आधी नाव येते आणि वस्तू मागून येतच नाही. नावे इंग्रजी आहेत म्हणून ती वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. भाषेत रुळलेला परका शब्द मुलाला अडत नाही. 'बटण' कोणाला परके वाटते? उलट 'संगणक' हा घडीव शब्द विद्वानांना अर्थवाही वाटला, तरी ज्या यंत्रावर मुलाने कधी काही गणलेले नाही त्याच्या संदर्भात तो त्याला मुकाच राहतो. 'कळफलक' मात्र चांगला आहे. कळ दाबतात हे मुलाला ठाऊक असते आणि फलक तर वर्गातच असतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी या दोन शब्दांतील फरकाकडे पुरेसे लक्ष दिले असते, तर बरे झाले असते.

मुले स्वतः शब्द कसे घडवतात याचा एक बोलका पुरावा दिल्लीच्या कालकाजी भागातून मिळतो. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी तेथील एका भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतील मुलांना मोकळा ठेवला. शिकवणारा कोणी नव्हता. मुलांनी पडद्यावरील दर्शकाला 'सुई' म्हटले आणि यंत्र काम करीत असताना दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू' म्हटले. वाळूचे घड्याळ त्यांनी कधी पाहिले नव्हते, डमरू पाहिला होता, आकृती तीच. नामकरणाची ही क्रिया कोणत्याही परिभाषा-समितीला हेवा वाटावा इतकी अचूक आहे. या प्रयोगावरून पुढे असा निष्कर्ष काढला गेला की, यंत्र दिले म्हणजे मुले आपली आपण शिकतात. निष्कर्ष आकर्षक आहे, शासनाला स्वस्तात पडणारा आहे आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. मार्क वॉर्शॉर यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात दिल्लीतील अशाच एका केंद्राविषयी लिहिताना दाखवले आहे की, तेथे हिंदीतील सामग्री नव्हती आणि मुलांचा बहुतेक वेळ चित्रे रंगवण्यात व खेळांत जाई. 'सुई' हा शब्द मुलांनी तोंडाने घडवला. तो शब्द त्या यंत्रावर त्यांना आपल्या लिपीत लिहिता आला काय, हा प्रश्न त्या प्रयोगात कोणी कळीचा मानला नाही. येथेच त्याची मर्यादा आहे.

महाराष्ट्रात प्राथमिक वयाच्या मुलांवरील असा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथे झाला. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले, आणि प्रत्येकाच्या हाती 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतील हिरवे-पांढरे छोटे यंत्र. या योजनेविषयी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी नकार दिला होता. वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, अशी त्याची भूमिका होती. ती भूमिका आजही एकदम मोडीत काढता येत नाही. पण खैरातच्या प्रयोगातील एक कल्पना, ती म्हणजे यंत्र हे पाटीसारखे मुलाच्या हाती असावे ही, पडद्यासमोर मुले बसवण्याच्या रिवाजापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती. ती कल्पना मुळात सीमूर पेपर्ट यांची. १९६७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची आज्ञाभाषा तयार केली. मुलाने यंत्राला शिकवावे, यंत्राने मुलाला नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे आलेल्या यंत्रांबरोबर हा आग्रह आला नाही.

मुलाने यंत्राला काही सांगावयाचे तर ते लिहून सांगावे लागते, आणि जालना जिल्ह्यातील मुलाच्या दृष्टीने हा लिहिण्याचा प्रश्न कळफलकापाशी येऊन अडतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर केवळ रोमन अक्षरे असतात, तीही मोठ्या लिपीतील. पुस्तकात मूल लहान लिपी गिरवत असते. कळेवर एक आकृती दिसते, दाबल्यावर पडद्यावर दुसरीच उमटते. राज्यात इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासून आहे. तेव्हा ज्या वर्षी बाराखडी, त्याच वर्षी रोमन वर्णमाला. अशा मुलाला मराठी लिहावयाचे असले म्हणजे शिक्षक त्याला तीच वाट दाखवतो जी तो स्वतः फोनवर चालतो: रोमन अक्षरांत शब्द लिहावा, यंत्र त्याची देवनागरी करून देईल. प्रौढाला ही सोय आहे, कारण शब्दाचे देवनागरी रूप त्याच्या मनात आधीच पक्के असते. मुलाच्या मनात ते घडत असते. 'पट', 'पत', 'पाट', 'पात' या चार शब्दांपैकी कोणता लिहावयाचा हे रोमन अक्षरांत नेमके सांगण्याची रीत त्याला माहीत नाही. यंत्र पर्याय मांडते आणि मूल त्यांतील एक बोटाने निवडते. निवडणे म्हणजे लिहिणे नव्हे. 'काळा' आणि 'काला' यांतील भेद ज्या वयात कानातून हातात उतरावयाचा, त्या वयात तो यंत्राच्या अंदाजावर सोपवला जातो. लिपी दुसऱ्या लिपीच्या दारातून मिळवण्याचा हा प्रकार मराठवाड्याला तरी अपरिचित वाटू नये.

वस्तुतः याला पर्याय उपलब्ध आहे आणि तो जवळजवळ चाळीस वर्षे उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरवून दिला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात समाविष्ट झाला. आज जवळजवळ प्रत्येक यंत्रात तो असतो. त्याचा विचार आजवर कार्यालयीन टंकलेखनाच्या दृष्टीने झाला; बालशिक्षणाच्या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले गेल्याचे फारसे आढळत नाही. तसे पाहिले तर त्याची रचना थक्क करणारी आहे. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट हे अघोष अल्पप्राण वर्ण आहेत. त्यांपैकी प्रत्येकाच्या लगत वरच्या ओळीत त्याचाच घोष जोडीदार, अनुक्रमे ब, ग, द, ज, ड. 'शिफ्ट'ची कळ दाबून धरली म्हणजे यांतील प्रत्येक वर्ण महाप्राण होतो: क चा ख, ग चा घ. स्पर्शवर्णांची जी मांडणी प्रातिशाख्यांपासून आपल्या वर्णमालेत चालत आली आहे, ती येथे बोटांच्या हालचालीत उतरली आहे. डाव्या हाताला स्वर. मधल्या ओळीत पहिली वेलांटी व पहिला उकार, त्यांच्या थेट वर दुसरी वेलांटी व दुसरा उकार. शिफ्टबरोबर तेच स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून उमटतात. ऱ्हस्वदीर्घाच्या गोंधळाने पाचवीतले काय आणि पदव्युत्तर वर्गातले काय, सारेच विद्यार्थी ग्रासलेले असतात. मोडीने तर व्यवहारात तो भेदच ठेवला नव्हता. येथे तो भेद खालची कळ आणि वरची कळ असा हाताला कळतो. सर्वांत मार्मिक गोष्ट अशी की, हलन्त-चिन्ह आणि 'अ' हे एकाच कळेवर आहेत. व्यंजनातील 'अ'चा लोप आणि खुद्द 'अ' यांना एका कळेत बसवणारा जो कोणी होता, त्याने व्याकरण नीट वाचले होते.

टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे, कारण यंत्र डोळ्याच्या मागे जाई. इनस्क्रिप्ट कानाच्या मागे जातो: आधी क, मग इकार. रफाराचेही तसेच. 'सूर्य' लिहिताना र आधी येतो, कारण तो उच्चारात आधी आहे. पाटीवर मात्र मूल तो सर्वांत शेवटी, य च्या डोक्यावर काढते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द कित्येक सुशिक्षितांनाही लिहिताना चकवतात. येथे पहिल्यात साधा र आहे आणि दुसऱ्यात शिफ्टचा ऱ, असा एका बोटाचा फरक आहे. 'क्ष' हे अक्षर मुलाला तक्त्यात अखंड चित्रासारखे भेटते. कळफलकावर ते क, हलन्त, ष असे तीन ठोक्यांत घडते, आणि मागे पुसण्याची कळ एकेकदा दाबली तर बहुतेक प्रणालींत तीनच पायऱ्यांत उलगडते. अक्षर हे अवयवांचे बनलेले आहे, हा बोध पाटीवर देण्यास शिक्षकाला महिने लागतात. यंत्र तो अर्ध्या तासात डोळ्यांपुढे घडवून दाखवते, आणि खोडरबराने कागद फाटतो तसे येथे काही फाटत नाही.

या रचनेत दोष नाहीत असे नव्हे. अनुनासिके विखुरलेली आहेत. 'चमचा' आणि 'चहा' यांतील च चे दोन उच्चार येथेही एकाच कळेवर आहेत. पण तो दोष लिपीचा आहे, कळफलकाचा नव्हे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना लागणारा 'ॲ' मराठीला हवा होता, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. राज्य शासनाने आपल्या वर्णमालेत तो घेतला २००९ मध्ये. फोनवरील देवनागरी कळफलकांचे क्रम तर उत्पादकागणिक निराळे असतात. शिवाय बोलून लिहिण्याची जी नवी सोय आली आहे, ती या साऱ्या विवेचनाला निरर्थक ठरवील असेही कोणी म्हणेल. तिचा उपयोग मोठा आहे, विशेषतः ज्यांना लिहिता येत नाही त्यांना. परंतु 'मी जेवायलो' असे म्हणणारे मूल आपल्या बोलीतले वाक्य बोलले असता यंत्र त्याला प्रमाणभाषेच्या वळणाकडे ओढण्याचा संभव असतो, आणि आपण काय बोललो व काय उमटले यांतील अंतर ओळखण्यासाठी पुन्हा अक्षरज्ञानच लागते. बोलीला चूक ठरवणारी तांबडी रेघ शिक्षकाच्या हातून यंत्राच्या हाती जाणे ही काही प्रगती नव्हे.

पालकांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगणक आणि इंग्रजी ही त्यांच्या लेखी एकच वस्तू आहे. शहरातील इंग्रजी शाळांच्या फलकांवर ती दोन्ही एकाच ओळीत असतात. जालन्याच्या बियाणे कंपनीत वा पोलाद कारखान्यात मुलगा उद्या कारकून झाला तर त्याला रोमन कळफलक लागणार, मग सुरुवात तेथूनच का नको? या अपेक्षेला हसून चालणार नाही. तिच्यामागे पोटाचा विचार आहे. पण सातव्या वर्षी शिकलेली बोटांची सवय विसाव्या वर्षीच्या नोकरीसाठी राखून ठेवावी लागत नाही. रोमन कळफलक प्रौढ मुलाला काही आठवड्यांत येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही २०२० मध्ये आज्ञावली-लेखनाचे उपक्रम माध्यमिकपूर्व, म्हणजे साधारण सहावीपासूनच्या टप्प्यावर ठेवले आहेत. त्याच्या आधीच्या वर्षांत यंत्राचे काम काय, याचे स्पष्ट उत्तर नसल्यामुळेच ती पोकळी भाग-नामावळीने व रंगवण्याच्या खेळाने भरली जाते. पहिली-दुसरीत पाटी व बोरूच असावा, यंत्र नको. तिसरीत, बाराखडी स्थिर झाल्यावर, कळफलक हा जोडाक्षरांच्या पाठाचा भाग म्हणून यावा, आणि तो मराठीच्या तासाला यावा, संगणकाच्या नव्हे. असे झाले तर संगणकाचा वेगळा शिक्षक नाही ही सबबही उरत नाही, कारण काम भाषेच्या शिक्षकाचेच आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांचा प्रश्न निराळा आहे. तेथील लिपीची दिशा व अक्षरजोडणी यांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. मंठा व परतूरकडील तांड्यांवर गोरबोली बोलणाऱ्या मुलांना तर देवनागरीच नवी असते, आणि त्यांच्या बाबतीत तिसरीची मर्यादा कदाचित पुढे न्यावी लागेल.

यंत्रांची टंचाई व विजेचा लहरीपणा ही अडचण उरतेच. मात्र टंकलेखन-वर्गांत पूर्वी यंत्राविना बोटे बसवण्यासाठी छापील तक्ते वापरले जात, ती युक्ती येथे फार उपयोगी आहे. पुठ्ठ्यावर इनस्क्रिप्टच्या कळा आखून घेतल्या की चार मुलांनी एका यंत्रावर पाळीपाळीने बसावे आणि बाकीच्यांनी पुठ्ठ्यावर शब्द 'वाजवावा'. ठोके मोजले की चूक कळते. 'शाळा' या शब्दाला चार ठोके लागतात, त्यांपैकी दोन शिफ्टचे. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जी कुटुंबे जातात, त्यांची मुले शाळेतील यंत्राला उन्हाळ्यापर्यंत मुकतात. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या दप्तरात हा पुठ्ठा मावतो.